दुसऱ्याच्या गाडीचा धूर

हेरंबच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा चार महिने पेटत होता. मेकॅनिकने स्कॅनर लावून तो दोनदा घालवला. आठवड्यात परत आला. धुरावर नजर ठेवणारा सेन्सरही बदलला, तरी आलाच. शेवटी प्रदूषण तपासणीत गाडी चक्क नापास झाली.

त्या शनिवारी मात्र हेरंब हसत घरी आला. पार्किंगमध्ये मुरलीधरकाका भेटले. काका मूळचे अमरावतीचे. उत्तरेतल्या या शहरात, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं जुळवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. हेरंबच्या खालीच, तळमजल्यावर त्यांचं घर. अहिल्याकाकूंना दमा.

"काका, पास! एकदम पक्कं काम!" हेरंबने कागद नाचवला.

"छान. दोष काय निघाला?"

"दोष कसला! तपासणीवाल्याने माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि धूर मोजायची नळी घातली शेजारच्या नव्या गाडीत. दोन मिनिटांत मोकळा!"

काकांचा चेहरा लाल झाला. "आणि हे तू मला हसत सांगतोस? शिकलेला माणूस तू!"

"सगळेच करतात यार... सॉरी, काका. पण एका गाडीने असं काय होतं?"

"काय होतं? ही खिडकी बघ. रोज सकाळी गाडी गरम करत दहा मिनिटं तू इथे उभा असतोस. तेव्हा तुझी काकू खिडकी लावते, फटीत टॉवेल कोंबते आणि तरी तिला पंप ओढावा लागतो. मी तुला सांगायला निघालो की म्हणते, राहू द्या हो, अडीअडचणीला तोच मला दवाखान्यात नेतो."

हेरंबचं हसू मावळलं. "काकू कधी बोलल्या नाहीत."

"ती नाही बोलली, पण सेन्सर तर बोलत होता ना! एक बदललास, दुसराही तेच म्हणाला. दोन साक्षीदार एकच सांगतायत आणि तू साक्षीदारांनाच हाकलतोस? काटा खरं दाखवावा म्हणून आम्ही जन्मभर डोळे फोडले. आता काटा खरं सांगतो, तर तुम्ही नळीच दुसरीकडे घालता! ही चोरी आहे, हेरंब. शेजाऱ्याच्या श्वासाची चोरी!"

हेरंबची मान खाली गेली. काकांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"सोळाची अकरावर आली."

"म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर जातंय. उघड बॉनेट."

काकांनी चारही स्पार्क प्लग काढले. तीन भुरकट होते. चौथा काजळीने काळाकुट्ट, वर पेट्रोलचा वास.

"इथला इंजेक्टर गळत असणार. चार महिन्यांत एकानेही प्लग काढून बघितला नाही! सगळे दिवा विझवायच्या मागे!"

हेरंबने तो कागद तिथेच फाडला. सोमवारी गाडी गॅरेजला गेली. काकांचा अंदाज खरा निघाला. इंजेक्टर बदलेपर्यंत हेरंब बसने ऑफिसला गेला. नंतर पंधरा दिवस गाडी चालवली. दिवा लागला नाही. मग तो त्याच तपासणी केंद्रावर गेला.

"नळी माझ्याच गाडीत घाला. मी इथे उभा आहे," तो हिंदीत म्हणाला. गाडी पास झाली.

"सर जी, इंजन चालू रखना," तपासणारा म्हणाला. "पीछे वाली की भी इसी में कर देते हैं."

मागच्या गाडीवाल्याने हात जोडले. "भाईसाहब, दो मिनट की तो बात है."

हेरंबने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"नहीं जी. मेरे घर के नीचे कोई साँस लेता है. आपके घर के नीचे भी लेता होगा."

रांगेतून हॉर्न वाजू लागले. कुणीतरी शिवीही घातली. हेरंब हलला नाही.

वाचकहो, खोट्या दाखल्याने आपण सरकारला फसवलं असं आपल्याला वाटतं. सरकारला फुप्फुसं नसतात! ती शेजारच्या म्हाताऱ्या बाईला असतात, आपल्या पोरांना असतात. दोष आपल्या गाडीत असेल, तर नळी आपल्याच गाडीत घालायची लाज कसली? लाज वाटायला हवी ती दुसऱ्याच्या गाडीत घालताना!