किलमोयची मिस कीव्हनी

परगण्याच्या लायब्ररीची गाडी मी गावोगाव चालवत असे, आणि मागे पुस्तकांच्या फळ्यांमध्ये अट्रॅक्टा कीव्हनी बसत असे. तिच्यासारखी ग्रंथपाल लायब्ररी चालवणाऱ्या कौन्सिलला शोधून सापडली नसती, पण कौन्सिलला त्याचं काय! आमच्या आयर्लंडात तेव्हा नियमच होता: बाईचं लग्न झालं, की तिने सरकारी नोकरी सोडायची. पुरुषाला खुशाल दहा पोरं होवोत, त्याची खुर्ची कोणी हलवत नसे.

म्हणून अट्रॅक्टाने जुलैच्या सुट्टीत लिव्हरपूलला जाऊन फिंटन गिलरॉयशी गुपचूप लग्न केलं, आणि परत आल्यावर दोघं आपापल्या घरी राहू लागली. फिंटन किलमोय गावचा शेतकरी. गुरुवारी गाडी तिथे थांबली, की तो सगळ्यांच्या शेवटी पुस्तक बदलायला यायचा. गावाला सगळं ठाऊक होतं, पण कचेरीपर्यंत कोणी अवाक्षर पोचू दिलं नव्हतं.

एका गुरुवारी कौन्सिलचे सचिव गिल्हूली तपासणीसाठी माझ्या शेजारी येऊन बसले. किलमोयपर्यंत मी गाडी जमेल तितकी सावकाश चालवली.

साहेबांना पाहून किलमोयवाले नको इतके सावध झाले. एरवी अट्रॅक्टाला नावाने हाका मारणारी माणसं उठता-बसता "मिस कीव्हनी, मिस कीव्हनी" करायला लागली. कॅफर्की म्हातारीने तर कहर केला.

"साहेब, तुमची बायको जाऊन बरीच वर्षं झाली ना?" ती म्हणाली. "मग आमची मिस कीव्हनी बघा की. चहा फक्कड करते, आणि दात सगळे स्वतःचे आहेत."

"कॅफर्कीबाई, पुस्तक घ्या आणि घरी जा बघू," अट्रॅक्टा लाल होऊन म्हणाली.

तेवढ्यात फिंटन चिखलाच्या बुटांनी गाडीत चढला. साहेब मजेत आले होते.

"माझं सोडा, मिस कीव्हनी," ते म्हणाले, "पण असल्या चिखल्याशी लग्न करून एवढी चांगली नोकरी घालवू नका बरं. काय हो, तुमच्या घरात टिकेल का ही?"

फिंटनने टोपी काढली. "छे हो साहेब! माझ्याकडे कोण बघतंय? गाईसुद्धा तोंड फिरवतात."

आणि तो हसला. बाहेरचे सगळे हसले. मीही हसलो आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

अट्रॅक्टा हसली नाही. हातातला शिक्का तिने खाली ठेवला.

"हा माझा नवरा आहे, साहेब."

गिल्हूली माणूस वाईट नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी पुस्तकं तपासायला आलोय, मिस कीव्हनी," ते सावकाश म्हणाले. "घरच्या गोष्टी ऐकायला नाही."

केवढी मोठी वाट त्यांनी मोकळी करून दिली होती! मी मनात म्हटलं, आता गप्प बस गं बाई.

"मिसेस गिलरॉय," ती म्हणाली.

मग तिने उरलेल्या पुस्तकांवर शिक्के मारले, कोट घातला आणि खाली उतरली. फिंटन तिच्यामागे धावला.

"अगं वेडे, कशाला बोललीस? मला चालत होतं की!"

"तुला चालत होतं," ती म्हणाली, "मला नाही चाललं."

एवढं बोलून ती गेलेल्या नोकरीसाठी रस्त्यातच ढसाढसा रडू लागली, आणि फिंटन हातात टोपी धरून तिच्या शेजारी उभा राहिला.