नकाशातली तिसरी बाग

१९८४च्या मार्चमध्ये श्यामसुंदर बायकोला वाशी दाखवायला घेऊन गेला. फ्लॅटसाठी होकार दुसऱ्याच दिवशी कळवायचा होता आणि सुनीतीची अट एकच होती. गिरगावची चाळ सोडायची तर घराजवळ फिरायला बाग हवी. श्यामसुंदरच्या हातातल्या नकाशात हिरव्या रंगाचे तीन चौकोन होते.

पहिल्या चौकोनाच्या जागी ‘उद्यानासाठी राखीव’ अशी पाटी होती. दुसऱ्यात पाटीही नव्हती, म्हशी होत्या.

“हिरवळीवर चरतायत,” श्यामसुंदर म्हणाला.

“चरून झालेलं दिसतंय,” सुनीती म्हणाली.

तिसऱ्या जागेवर शेजारच्या कोळीवाड्यातली जमुना जवला वाळत घालत होती. श्यामसुंदरने तिच्यापुढे नकाशा धरला. “मावशी, बाग इथेच ना?”

“हाय ना,” जमुना म्हणाली. “पन जपून चाला, दादा. गुलाबावर पाय पडंल.”

सुनीतीला इतकं हसू आलं की ती तिथेच खाली बसली. ती मूळची वेंगुर्ल्याची. तिचा हात आपोआप जवल्याकडे गेला. चिमूटभर तोंडात टाकून तिने सावकाश चावून पाहिला. गिरगावात मिळणाऱ्या जवल्यात हमखास वाळू असायची. यात कणभरही नव्हती.

“उद्या होकार कळवून टाका,” ती म्हणाली.

श्यामसुंदर हरखला. “बाग पण होईल बघ लवकर. मी स्वतः अर्ज करतो.”

“खबरदार अर्ज केलात तर,” सुनीती म्हणाली आणि जमुनाकडे पिशवी मागितली.