घारीचा वाटा

"शेडमंदी नाई म्हंजे नाई!" पुंडलिकराव मसणवटीच्या फाटकात आडवे उभे राहिले. "तुमची जागा नाल्यापल्याड हाये."

सोनबाची तिरडी आमच्या खांद्यावरच होती. सकाळी अवकाळी पाऊस पडून गेला होता, काळ्या मातीत पाय रुतत होते. सोनबाला मूलबाळ नव्हतं, म्हणून आगीचं गाडगं घेऊन त्याची बायको शकुबाईच पुढं चालत होती.

"नाल्याले पूर हाये मालक," ती म्हणाली. "एवढं जळू द्या माह्या माणसाले. मंग मी कोनाले काई मांगत नाई."

पुंडलिकराव गावातले मोठे दुकानदार. शेड सरकारच्या पैशाचं, पण उद्घाटनाच्या फोटोत हे मधोमध, म्हणून शेड यांचं!

"बाहीरच्या त्या वडाखाली जाळा ना. कोरडं हाये तिथं."

"वडावर आग्या मोहोळ हाये, मालक."

"जलमभर मोहोळंच काढली त्यानं. आता काऊन भेव?" असं म्हणून ते हसले. दोघंतिघं त्यांच्यासोबत हसले. आम्ही तिरडी वडाकडं वळवली.

सोनबा मध काढायचा. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून मोहोळ फोडणारी घार आमच्याकडं यायची, अन् हा तिच्यामागं रानोमाळ फिरायचा. ती घिरट्या घालेल तिथं मोहोळ. मध काढला की पोळ्याचा एक तुकडा दगडावर ठेवून यायचा. "तिनं दावलं, तिचा वाटा," म्हणायचा. यंदा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तो उठलाच नाही.

आम्ही सरण रचलं, सोनबाला वर ठेवलं. शकुबाई गाडगं घेऊन फेरी मारत होती, तेवढ्यात वरून घार आली. तिनं पंजानं मोहोळाचा लचका तोडला अन् निघून गेली. माशा आमच्यावर तुटून पडल्या.

मग कुठला सोनबा अन् कुठलं सरण! कोणी तुरीत घुसलं, कोणी नाल्याकडं धावलं. पुंडलिकराव धोतरात पाय अडकून फाटकापाशी आपटले. त्यांचं तोंड माशांनी काळं झालं होतं. मी डोक्यावर शर्ट ओढून पळालो.

शकुबाई पळाली नाही. तिनं पदर तोंडावर ओढला, सरणाला आग लावली अन् हाताला येईल तो ओला पाला वर टाकला. धुराचा लोट उठला.

"पळू नोका रे!" ती ओरडली. "धुरात या! याच्यापाशी या!"

आम्ही रांगत गेलो. पुंडलिकरावही आले. सोनबाच्या सरणाला इतके खेटून बसले की त्यांच्या भुवया होरपळल्या. ज्याला फाटकातून आत येऊ दिलं नाही, त्याच्या धुरात तोंड खुपसून माणूस लेकरासारखा रडत होता. शकुबाई पाला टाकतच राहिली. माशा निवल्या तेव्हा तिच्या हाताची बोटं वळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती राख सावडायला निघाली, म्हणून मी सोबत गेलो. मसणवटीच्या फाटकाला नवं कुलूप होतं.

मला राहवलं नाही. सकाळी दुकानात जे ऐकलं ते मी तिला सांगितलं. एक डोळा सुजून बंद, तरी पुंडलिकराव येईल त्याला सांगत होते, की त्या लोकांनीच मोहोळ उठवलं, आता त्यांना मसणवटीत पाय ठेवू द्यायचा नाही. "कोनाच्या धुरात वाचले तुमी?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "लाकडं गावाची व्हती."

राख भरून झाल्यावर शकुबाईनं वडाखाली पडलेला पोळ्याचा तुकडा उचलला, झटकला अन् दगडावर ठेवला.

"यंदाचा राह्यला व्हता," ती म्हणाली. मग मला विचारलं, "डोया उघडला नाई म्हन्ता त्याचा?"

"नाई अजून."

"तोंड तं उघडलं ना?" तिनं राखेचं गाठोडं सुजल्या हातांनी उचललं. "मंग जगते तो."