उकिरड्यातलं जोडवं

"तिकडं नगं. म्हातारीची बुगडी हिकडं पडलीया," भिमा म्हणाला आणि यंत्रापुढं आडवाच उभा राहिला.

धनाजी थांबला. वरवे बुद्रुकात त्याचं भंगाराचं दुकान. धातू हुडकायचं हे यंत्र त्यानं मोबाईलवरून मागवलेलं. चिखलात पडलेलं मंगळसूत्र, गवतात हरवलेला विळा, असलं काही शोधायला लोक त्याला बोलवत. आज मार्गासनीच्या वरच्या वाडीतून फुलाबाईचा निरोप आला. शेणाची पाटी उपडी करताना तिच्या कानातली बुगडी पडली होती. तिनं लेकाला विचारलं नव्हतं. भिमा रानातून आला तेव्हा यंत्र चालू झालेलं.

"समदा उकिरडा बघू दे की त्याला," फुलाबाई गोठ्याच्या दारातून ओरडली. "तुला काय लागलंय?"

"उन्हात मरतोय त्यो. म्हनून म्हनलं."

धनाजी हसला, वळसा घालून पुढं सरकला. लोखंडाला यंत्र घोगरं बोलतं, चांदीला किनरं. गोठ्याच्या मागं, उकिरड्याच्या कडेला, ते किनरं बोललं. त्यानं बसून खुरप्यानं माती ओढली.

चांदीचं जोडवं. माशाच्या नक्षीचं. आतली माती अंगठ्यानं ढकलली तर निघेना. मातीत बारीक हाड होतं.

कोमल. भिमाची बायको. दोन पावसाळ्यांपूर्वी टेम्पोवाल्याबरोबर पळाली म्हणे. धनाजीनंही ऐकून मान डोलावली होती. बाई दिसेनाशी झाली की पळाली म्हणायचं आणि जेवायला बसायचं, गावाचा कायदाच तो. नवरा जिता असताना बाई जोडवं उतरवत नाही. हे उतरवलेलंच नव्हतं.

मागं कुदळ दगडाला लागली. भिमा अगदी जवळ आला होता.

"काय घावलं?"

"खिळा." धनाजीनं मूठ मिटली. इथं रेंज नाही, गाडी पार बांधापलीकडं.

"दाव."

"गंजलाय रं."

"मग दावाया काय जातंय तुजं?"

"मला दाव." फुलाबाई कधी आली, कळलंच नाही. लहान पोराची उघडावी तशी तिनं त्याची मूठ उघडली. जोडवं उचलून घेतलं.

"भोरच्या बाजारातनं म्याच आणलं व्हतं," ती म्हणाली. "घट्ट झालं, तर साबन लावून घातलं."

"आये, घरात जा."

"पळाली म्हनलास. म्या तिच्या आईला दारात उभी करून शिव्या घातल्या, भिमा."

"घरात जा म्हनतोय न्हवं!" कुदळ त्यानं उजव्या हातात घेतली.

म्हातारीनं जोडवं धनाजीला परत दिलं आणि उकरलेल्या मातीवर मांडी घालून बसली.

"वेल्ह्याला पोलिसात जा. हे दाव त्यास्नी."

"तुमी बी चला, आत्या." धनाजीनं तिला उठवायला हात पुढं केला.

"म्या उठले तर तू येस्तवर हितं काय ऱ्हाईल?"

तो निघाला. आत्ता पाठीत कुदळ बसते, मग बसते, असं करत बांध गाठला. तिथून त्यानं वळून पाहिलं. भिमा तसाच उभा होता. फुलाबाईनं त्याच्याकडं पाठ केली होती आणि मांडीलगतची माती ती हातानं हळूहळू थोपटत होती.