चाळीस जणींतली एक

चंद्रभागाबाई गजभिये यांनी बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत केसपेपरवर एकही खोटी ओळ लिहिली नाही. हे त्या स्वतःच सांगत आणि वरचेवर सांगत. ऐकणाऱ्याला कंटाळा येई, पण गोष्ट खरी होती. वॉर्डात नव्याने आलेल्या पोरींना त्यांचा पहिला धडा ठरलेला असे. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. आणि लिहिताना चुकलं तर गिरगटायचं नाही. चुकीच्या ओळीवर एकच सरळ रेघ, पुढे सही, तारीख, वेळ. खालचं वाचता आलं पाहिजे. चूक आपलीच आहे, लपवायची कुणापासून?"

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. खडकी बाजारामागच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक वही असे. बीपीची गोळी किती वाजता घेतली, सिलिंडर कधी लावला, पाणी कधी गेलं, सगळं त्या वहीत. यजमान भीमराव होते तोवर चिडवायचे, "माझं तापमान लिहिलंस का आज?" भीमराव जाऊन तीन वर्षं झाली. आता चिडवायला कुणी नव्हतं, पण वही होती, स्वतःचा ओटा होता, आणि त्या ओट्यावर हुकूम फक्त चंद्रभागाबाईंचा चाले. मुलगा रोहन खराडीला चौदाव्या मजल्यावर राही. तिथे स्वयंपाकाला बाई येई आणि यांनी फोडणी घातली की घरातला धुराचा भोंगा वाजे. दोनदा जाऊन आल्या, तिसऱ्यांदा नको म्हणाल्या.

सून अक्षता खराडीतच एका संशोधन करणाऱ्या कंपनीत होती. लोक साबण का बदलतात, चहा कुठला पितात, असलं शोधून काढायचं आणि ते माल बनवणाऱ्यांना विकायचं, असा तो धंदा. एका रविवारी ती आली ती नवा फोन आणि एक छोटं स्टँड घेऊन.

"आई, एका कंपनीला नवा कुकर काढायचाय. एकट्या राहणाऱ्या चाळीस बायका हव्यात, सात दिवस. फोन ओट्यावर ठेवायचा, स्वयंपाक करताना बोलायचं. रोज एक प्रश्न येईल. बस."

"फॉर्म भरायचा असेल तर दे. भरून टाकते."

"फॉर्म नाहीच आई, तीच तर गंमत आहे. फॉर्मवर माणसं खोटं बोलतात. सगळे म्हणतात आम्ही रोज फळं खातो. फोन स्वयंपाकघरात असला की खरं काय ते दिसतं. आकडे नकोयत आम्हाला, माणूस हवाय."

हे वाक्य चंद्रभागाबाईंना फार आवडलं. आपल्या सुनेच्या नोकरीतही खोटं चालत नाही, हे त्यांना प्रथमच कळत होतं. संमतीपत्र स्क्रीनवर आलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, अक्षताने तीनदा घड्याळ पाहिलं तरी वाचली. 'ही माहिती केवळ उत्पादनाच्या अभ्यासासाठी वापरली जाईल' या ओळीवर थांबल्या, मान डोलावली आणि बोटाने सही केली. सहीशिवाय त्यांनी कधी कुणाला सुईसुद्धा टोचू दिली नव्हती.

प्रश्न विचारणारीचं नाव आनंदी. ती दिसत नसे, फक्त लिहीत असे. 'नमस्कार काकू, आज सकाळी ओट्यापाशी सर्वात आधी काय केलंत?' चंद्रभागाबाई लाल टिंब दाबून फोनकडे बघत बोलत. पहिल्या दिवशी ड्यूटी बदलताना रिपोर्ट द्यावा तसं बोलल्या. "सहा वाजून दहा मिनिटं. दूध तापवलं. सहा पंचवीस, चहा." आनंदीने लिहिलं, 'छान! तेव्हा मनात काय चाललं होतं?'

मनात! हा प्रश्न बाईंना कुणी कधी विचारला नव्हता. भीमराव भला माणूस, पण त्यांनाही सुचला नव्हता. तिसऱ्या दिवसापासून त्या सकाळी साडी नीट नेसून ओट्यापाशी उभ्या राहू लागल्या. आनंदीशी बोलायला दिवस पुरेना. भंडाऱ्याच्या माहेरी लाखोरीच्या डाळीचे वडे कसे करत ते सांगितलं, खडकीच्या क्वार्टरमध्ये रॉकेलच्या स्टोव्हवर तिघांचं कसं भागलं ते सांगितलं.

आणि खरंच बोलायचं, म्हणून खरंच बोलल्या. मंगळवारी दूध ठेवून बाल्कनीत गेल्या, खालून भाजीवाली हाका मारत होती, दूध उतू गेलं, गॅस विझला आणि बटण तसंच राहिलं. वास आला तेव्हा धावल्या. "सात चाळीस ते सात बावन्न," त्यांनी फोनला सांगितलं. "बारा मिनिटं. चूक माझी." शुक्रवारी गोळी घेतल्याचं आठवेना, वहीत खूण नव्हती, म्हणून घेतली, आणि नंतर पाकीट पाहिलं तर दोन कमी. तेही सांगितलं. आनंदीने विचारलं, 'काकू, औषधं कुठे ठेवता, दाखवाल?' कुकरवाल्यांना गोळ्या कशाला बघायच्यात, असं क्षणभर वाटलं. पण डॉक्टर राउंडला आले की काय विचारतात आणि का, हे सिस्टरने विचारायचं नसतं. त्यांनी डबा दाखवला.

सहाव्या दिवशी प्रश्न आला, 'काकू, असा एखादा पदार्थ आहे का, जो तुम्ही पूर्वी करायच्या आणि आता करत नाही? का?'

चंद्रभागाबाई बराच वेळ टिंब न दाबता उभ्या राहिल्या. मग दाबलं.

"तांदळाची पेज," त्या म्हणाल्या. रोहन सहा वर्षांचा होता. अंगात ताप होता. त्यांची दुपारपाळी, वॉर्डात तीस पोरं आणि सिस्टर दोनच. शेजारीण गावाला गेलेली, भीमराव फॅक्टरीत पाच वाजेपर्यंत. त्यांनी पेज केली, डब्यात भरली, पोराच्या उशाशी ठेवली, बाहेरून कुलूप लावलं आणि गेल्या. भीमराव आले तेव्हा पोर स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेलं, तापाने झटके येत होते, पेज सगळी सांडलेली. "त्या वेळी मी दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते," त्या फोनला म्हणाल्या. "तो वाचला. मोठा झाला, इंजिनिअर झाला. पण आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. त्याला आठवतं की नाही, तेही मला ठाऊक नाही. विचारायची छाती होत नाही." आणि ज्या बाईला वॉर्डात कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ती फोनसमोर पदर तोंडाला लावून रडली.

दहा मिनिटांनी आनंदीचं उत्तर आलं. 'काकू, हे सांगायला धीर लागतो. त्या वेळी तुम्हाला जे शक्य होतं, ते तुम्ही केलंत.'

बाईंनी ते चारदा वाचलं. मग फ्रिजवरची वही काढली आणि ती दोन्ही वाक्यं तारीख-वेळ घालून उतरवून घेतली. त्या दुपारी त्या कितीतरी वर्षांनी गाढ झोपल्या. आनंदी कुठे राहते ते अक्षताला विचारून तिला लाखोरीचे वडे द्यायचे, हेही ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी रोहन आणि अक्षता दोघं आले. रोहन आईच्या समोर न बसता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, तेव्हाच काहीतरी शिजतंय हे त्यांनी ओळखलं. अक्षताने लॅपटॉप उघडला.

"आई," रोहन म्हणाला, "तू आता आमच्याकडे ये. हा फ्लॅट बंद ठेवू. तू एकटी राहणं बरोबर नाही."

"का? मला काय धाड भरलीय?"

"मंगळवारी बारा मिनिटं गॅस चालू होता. शुक्रवारी गोळी दोनदा घेतलीस."

चंद्रभागाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग सुनेकडे. मंगळवारचं त्यांनी शेजारणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त एकीला.

"ही माहिती उत्पादनाच्या अभ्यासासाठी होती," त्या सावकाश म्हणाल्या. "अक्षता, बाकीच्या एकोणचाळीस जणी कुठल्या?"

अक्षताने लॅपटॉपवरची नजर काढली नाही.

"मी विचारतेय, किती जणी होत्या?"

"आई, तुम्ही आधी शांत व्हा. कुकरचा एक प्रोजेक्ट होता, खरंच होता, पण तो मार्चमध्येच संपला. आम्हाला तुमची काळजी वाटत होती. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणणार सगळं ठीक आहे. कुणीही तेच म्हणतं. म्हणून..."

"म्हणून मी एकटीच."

"हो."

"आणि आनंदी?"

अक्षताचे कान लाल झाले होते.

आपलेच दात, आपलेच ओठ! परक्याने फसवलं असतं तर माणूस चारचौघांत ओरडून तरी मोकळा होतो. इथे केसाने गळा कापणारी समोर बसून 'आई' म्हणत होती. बाईंना संताप आला, आणि संतापाच्याही वर लाज आली. इतके दिवस नीट साडी नेसून आपण कुणासमोर उभ्या राहिलो ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक लपवायची नाही म्हणून जे जे सांगितलं, ते सगळं आता त्यांच्याच विरुद्ध एक, दोन, तीन असे आकडे घालून स्क्रीनवर मांडलेलं होतं. थोडं खोटं बोलल्या असत्या तर घर वाचलं असतं.

पण त्यांना खरं विचारायचं होतं ते दुसरंच. त्या उठल्या, फ्रिजवरची वही घेऊन आल्या आणि पान उघडून सुनेपुढे धरलं.

"हे. 'त्या वेळी तुम्हाला जे शक्य होतं, ते तुम्ही केलंत.' हे तुझ्या मनातलं होतं ना? एवढं तरी?"

अक्षताने वाचलं. खोटं बोलायची हीच वेळ होती, आणि खोटं बोलली असती तर पुण्य लागलं असतं. पण ती थकली होती.

"ते... ते तयार वाक्य असतं, आई. बोलणारं माणूस रडायला लागलं की ते पाठवायचं. म्हणजे ते बोलत राहतं."

खाली बाजारात कुणीतरी शटर वर केलं.

चंद्रभागाबाई रोहनकडे वळल्या. "तू ऐकलंस? सहाव्या दिवसाचं?"

"ऐकलं."

"तुला आठवतं?"

रोहनने मान हलवली, हो अशी.

त्यांचा आवाज अगदी खाली आला. "मग ऐकताना तुझ्या मनात काय चाललं होतं?"

रोहनने एकदा अक्षताकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. "आई, आपण मुद्द्यावर बोलूया का? गॅसचा विषय महत्त्वाचा आहे."

तीस वर्षं त्या या पोराच्या तोंडून एक वाक्य निघायची वाट बघत होत्या. शिवी असती तरी चाललं असतं. कुलूप का लावलंस, असं ओरडला असता तरी त्यांनी पाय धरले असते. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि त्यातून त्याने गॅस तेवढा उचलला होता.

त्यांनी वहीला अडकवलेलं पेन काढलं. आनंदीच्या दोन ओळींवर पट्टी न लावता एकेक सरळ रेघ ओढली. पुढे सही केली, तारीख घातली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घातली. रेघेखालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. वही मिटून त्यांनी फोन स्टँडसकट सुनेच्या मांडीवर ठेवला.

"कुकरच्या अभ्यासाला मी संमती दिली होती. याला दिलेली नाही. मी कुठे येणार नाही."

"आई, असं काय करतेस? बस ना, बोलू आपण."

"बसा की. रविवारी घरी आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवत नाही मी." त्या ओट्यापाशी गेल्या. तीन कप पाणी मोजून घेतलं, साखर घातली, चहा उकळला, गाळला. दोघं नुसते बघत होते. बाईंनी बटण फिरवलं, ज्योत गेली, आणि मागे न वळताच त्या म्हणाल्या, "अकरा वाजून दहा मिनिटं. गॅस बंद केलाय. रोहन, उठून हात लावून बघ, आणि लिहून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस."

आणि रोहन उठला, ओट्यापाशी आला, आणि त्याने खरंच बटणाला हात लावून पाहिला.