शंभरातले बहात्तर

प्राध्यापकसाहेबांनी तीस वर्षं एकच खुर्ची उबवली आणि त्या खुर्चीत बसून लोकांना घरदार सोडून धंद्यात उडी मारायला सांगितलं. परदेशात जाऊन कंपनी काढणाऱ्यांवर त्यांची चार पुस्तकं होती. तंत्रज्ञानाचं धोरण ठरवायला समिती बसली, की त्यांचा एक आकडा हमखास निघे : अशा शंभर कंपन्यांतल्या बहात्तर पाच वर्षं तग धरतात.

या आकड्यामागची हमाली डायलमास्तरांची. विभागात मदतनीस म्हणून चिकटल्यापासून यादीतल्या कंपन्यांना फोन करून प्रश्नावली भरणं, हेच त्यांचं काम. नावही त्यावरूनच पडलेलं. जो फोन उचलत नसे त्याच्यापुढे ते 'उत्तर नाही' लिहीत. साहेब तेवढ्या ओळी गाळून टाकत.

"साहेब, यातल्या बऱ्याच बुडाल्या असतील," पहिल्याच वर्षी ते चाचरत म्हणाले होते.

"बुडाल्याचं त्यांनी कळवलंय का?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "धंदा जोरात असला की फोन घ्यायला फुरसत नसते. तुम्ही फोन लावा, अर्थ आम्ही लावू."

खोलीतले दोघे संशोधक फिदीफिदी हसले. डायलमास्तरही हसले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही.

एका रविवारी दुपारी डायलमास्तरांच्या घरी त्यांचा भाचा आला, साहेबांचं पुस्तक काखोटीला मारून. पक्की नोकरी सोडून परदेशात कंपनी काढायची होती. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं, बायकोची समजूत काढून झाली होती. राजीनामा उद्या.

"शंभरात बहात्तर, मामा. एवढी खात्री तर लग्नाचीही नसते."

मामी हसल्या. मामांनी कप खाली ठेवला.

"बंद ऑफिसात फोन कोण उचलणार?" ते कपाकडे बघत म्हणाले.

"म्हणजे?"

"हजार फोन लावले की तीनशेजण बोलतात. काही म्हणतात, धंदा गुंडाळला. बाकीचे चालू. ते त्या तीनशेतले बहात्तर टक्के. उरलेल्या सातशेंचं काय झालं, आम्ही बघतच नाही."

भाच्याने हिशेब केला असावा. त्याने पुस्तक पालथं ठेवलं.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"एकवीस वर्षं."

"आणि साहेबांना?"

"त्यांनाही."

"त्यांचं समजू शकतो. त्यांना समित्या मिळाल्या, शाली मिळाल्या. तुम्हाला काय मिळालं, मामा?"

मामांनी खरोखर आठवून पाहिलं. काहीतरी मिळालं असतं तर निदान सांगता आलं असतं.

"अरे, मोठ्यांशी असं बोलतात का?" मामी म्हणाल्या.

"मोठ्यांशी कुठे बोलतोय मी?" भाचा म्हणाला आणि उठून दारात जाऊन त्याने बायकोला फोन लावला.

"फ्लॅट द्यायचा नाही म्हणून कळव त्यांना. राजीनामाही राहू दे. ... छे, मामांनी नाही अडवलं. मामा कधी कुणाला अडवत नाहीत."