दुपट्टा टाकलेली जागा

दिग्रसच्या टॉकीजमधून दुपारचा खेळ सुटला अन् माणसं हसतच बाहेर पडली. भ्यालेला माणूस जरा जास्तच हसतो, हे काय सांगायला पाहिजे? पडद्यावर ज्योतिषानं नायकाला बजावलं होतं की बसमधली ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा तुझा जीव घेईल. तो उठला, दुसराच कोणी तिथं बसला, अन् पुलावर समोरच्या ट्रकमधली सळई खिडकी फोडून आत आली. "नशिबाला माणूस लागत नाही, जागा भरलेली लागते," असं ज्योतिषी म्हणाला, तेव्हा मागची पोरं शिट्ट्या मारायच्या विसरली.

"येड्याचा बाजार सारा," इंद्रजित म्हणाला. त्याची बायको ममता मात्र वळून वळून पोस्टरकडं बघत होती.

स्टँडवर यवतमाळची गाडी लागताच झुंबड उडाली. इंद्रजितनं गळ्यातला दुपट्टा काढून खिडकीतून आत फेकला. आपल्याकडं दुपट्टा पडला की जागा धरली, मग साहेब असो नाहीतर सावकार, त्यानं उभंच राहायचं. ममता आत चढली अन् थिजली. दुपट्टा ड्रायव्हरच्या मागं पडला होता, खिडकीपाशी.

"बस ना वं."

"मी नाही बसत. तुमीबी बसू नका. माह्या गळ्याची आन हाय."

इंद्रजित हसला, पण बसला नाही.

गाडी खच्चून भरली. निम्मी माणसं टॉकीजमधलीच. एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी होती, पण त्या जागेकडं कोणी सरकेना. शेजारी बसलेला गडीही हळूच उठला. सिनेमा खोटा म्हणणारे हेच बरं का!

तेवढ्यात कडेवर लेकरू घेतलेली एक बाई गर्दीतून पुढं आली. "ताई, हा दुपट्टा तुमचा का?"

हो म्हटलं तर बसावं लागेल. नाही म्हटलं तर ही बसेल, लेकरासकट.

"नाही," ममता म्हणाली. "आमचा नाही."

बाई बसली. तिनं दुपट्टा झटकून लेकराच्या अंगावर घातला. ममताला स्वतःची किळस आली. ऊठ बाई, एवढंच म्हणायचं होतं. तिची जीभ उचलली नाही, गाडीत दुसऱ्या कोणाचीही नाही. गाडी सुटली अन् इंद्रजित बाहेरच्या कापसाच्या पऱ्हाट्या बघत राहिला.

वाटेतल्या पुलाच्या अलीकडं, फाट्यावर, बाईनं गाडी थांबवायला सांगितली. उतरताना तिनं दुपट्ट्याची नीट घडी करून ती ममताच्या हातात ठेवली.

"स्टँडवर भाऊनं टाकतानी पाह्यला म्या. सिनेमाचं बोलणंबी आयकलं. लेकराले ताप हाय, म्हून बसलो." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ममताला जास्त लागलं. "घ्या. बसा आता आपल्या जागेवर."

अख्खी गाडी ममताकडं बघू लागली.

"बसा ना ताई," मागून कोणीतरी म्हणालं. "दुपट्टा तुमचाच हाय न?"

त्या बाईला कोणी अडवलं नव्हतं. आता ममतालाही कोणी अडवलं नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तर तो पायातल्या चपलांकडं बघत होता.

ममता बसली. जागा अजून गरम होती. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली अन् गाडी पुलाकडं निघाली.